बर्फाची गाडी फक्त स्कीवाल्यांची नाही

मंडळी, आधी एक कबुली देतो.

हिवाळा सुरू होण्याआधी बातमी आली होती की विंटर पार्कला जाणाऱ्या स्कीच्या गाडीचं तिकीट स्वस्त व्हावं म्हणून कॉलोराडो सरकार पैसे घालणार आहे. तेव्हा मी आपल्या डेन्व्हरच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "वा! ज्यांच्या पायात हजार डॉलरच्या स्की, त्यांच्या तिकिटाला आपला टॅक्स." बऱ्याच जणांनी हसून दाद दिली. दोघातिघांनी पुढे फॉरवर्डही केलं.

ते वाक्य मी आज मागे घेतोय. पूर्ण नाही, अर्धं. कुठलं अर्धं आणि का, ते सांगण्यासाठी ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

झालं असं की सध्या आई आली आहे भारतातून. वय ७१. मूळची नेरळची, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि लहानपणापासून दारासमोरून माथेरानची झुकझुक गाडी जाताना बघितलेली. डेन्व्हरला आल्यापासून रोज सकाळी खिडकीतून पश्चिमेचे पांढरे डोंगर बघायची आणि विचारायची, "अरे, तिकडे जाता येतं का?" मी म्हणायचो, जाता येतं, पण हिवाळ्यात नको. रस्ता वाईट असतो, ट्रॅफिक असतं, आणि आपण काही स्की करत नाही. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "मला बर्फावरून घसरायचं नाहीये. म्हणून मी बर्फ बघायचाच नाही का?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

रस्त्याबद्दल माझी भीती उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही डोंगरातून परत येत होतो. एरवी दीड तासाचा रस्ता. त्या दिवशी आय-७० वर आम्हाला पाच तास लागले. पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता, वरून बर्फ पडत होता, आणि मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला बाथरूमला जायचं होतं आणि एक्झिट दोन मैलांवर. ते दोन मैल जायला पाऊण तास लागला. त्यापुढचं सांगत नाही, ज्यांना मुलं आहेत त्यांना कळलंच असेल. त्या दिवसानंतर जानेवारी ते मार्च आम्ही डोंगर वर्ज्य केले. इथे राहणाऱ्या किती मराठी घरांनी असंच केलंय हे मला माहीत आहे. कॉलोराडोत राहतो म्हणून भारतातले नातेवाईक हेवा करतात, आणि आपण हिवाळाभर कॉस्टको आणि घर.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मुलीच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा मी ज्या गाडीची टिंगल केली होती तिचीच तीन तिकिटं काढली. विंटर पार्क एक्स्प्रेस. अ‍ॅमट्रॅक चालवते. २०२४-२५ च्या हंगामात एका बाजूचं तिकीट १९ डॉलरपासून सुरू होत होतं, आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धं होतं. आधी बुक केलं म्हणून आम्हा तिघांचं जाऊन-येऊन ९५ डॉलरमध्ये झालं. खरं सांगतो, गाडीने गेलो असतो तर पेट्रोल यापेक्षा स्वस्त पडलं असतं. हा मुद्दा पुढे परत येईल.

सकाळी ७ ला युनियन स्टेशनवरून गाडी सुटते. आम्ही सव्वासहाला पोचलो तर प्लॅटफॉर्मवर जत्रा. खांद्यावर स्की घेतलेले, जड बूट घालून खडखड चालणारे, झोपाळू पोरांना ओढत नेणारे. आणि त्यांच्यात आमची आई. स्वेटरवर कोट, कोटावर माझं जाड जाकीट, डोक्याला मफलर घट्ट बांधलेला, आणि हातात दशम्यांचा डबा. आजूबाजूचे सगळे तिच्याकडे बघून हसून "गुड मॉर्निंग" म्हणत होते. तिलाही ते फार आवडलं.

दुमजली डबे आहेत. वरच्या मजल्यावर बसलं की सगळं दिसतं. शिवाय एक मोठ्या काचांचा डबा असतो, तिथे कुणीही जाऊन बसावं. गाडी अरवाडा सोडते आणि डोंगराला भिडते. मग एक मोठं वळण येतं, गाडी जवळजवळ मागे वळून चढते, आणि खाली सगळं डेन्व्हर दिसतं. त्या वळणावर रुळांच्या बाजूला जुने मालगाडीचे डबे ओळीने उभे आहेत. आई म्हणाली, "हे डबे इथे टाकून का दिलेत?" टाकलेले नाहीत. तिथे वारा इतका जोरात असतो की त्याला अडवायला म्हणून डबे मातीने भरून कायमचे उभे केलेत.

मग बोगदे सुरू होतात. मुख्य मोठ्या बोगद्याआधी पंचवीसहून जास्त लहान बोगदे आहेत. कर्जत-खंडाळा केलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? आजी आणि नात मोजायला लागल्या. सतरानंतर भांडण झालं, कारण एकीचे सतरा आणि दुसरीचे अठरा. मध्येच आईने विचारलं, "मागे इंजिन लावलं का रे? कर्जतला लावतात तसं?" नाही लावत. बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. इथे तो साधारण ५० ला १ ठेवलाय. त्यासाठीच एवढी वळणं आणि एवढे बोगदे. सुमारे ५० मैलांत गाडी ४,००० फूट चढते, आणि हातातल्या कपातला चहा हलतही नाही.

आणि मग येतो तो मोठा बोगदा, मॉफॅट. माझं मत जिथे फिरलं ती जागा हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हा बोगदा ६.२ मैलांचा आहे, म्हणजे जवळपास १० किलोमीटर. १९२८ मध्ये उघडला. त्याआधी गाडी डोंगरावरून, रोलिन्स पासवरून, ११,००० फुटांच्याही वर चढून जायची, आणि हिवाळ्यात बर्फात दिवसचे दिवस अडकून पडायची. डेव्हिड मॉफॅट नावाच्या डेन्व्हरच्या सावकाराने ही लाईन काढली, त्यात आपली सगळी पुंजी घातली, आणि बोगदा न बघताच १९११ मध्ये तो गेला. खासगी पैशाने ते काम झालं नाही. मग झालं कसं?

१९२१ मध्ये दक्षिणेकडच्या प्युएब्लो शहरात मोठा पूर आला, शहर उद्ध्वस्त झालं. प्युएब्लोवाल्यांचा या बोगद्याला आधी विरोध होता, कारण त्यांच्याकडून जाणाऱ्या रेल्वेचं महत्त्व कमी झालं असतं. पण आता त्यांना पूर अडवायला सरकारची मदत हवी होती. तेव्हा १९२२ मध्ये विधिमंडळात देवाणघेवाण झाली. तुमच्या पुराचं काम करू, आमच्या बोगद्याला हो म्हणा. आपल्याकडच्या राजकारणाची आठवण येते ना? माणसं सगळीकडे सारखीच. मग एक खास जिल्हा तयार केला, त्याने कर्जरोखे काढले, आणि डेन्व्हर आणि आसपासच्या काउंट्यांमधल्या घर-जमिनीवर त्यासाठी टॅक्स लागला. अंदाज होता ६७ लाख डॉलरचा, खर्च गेला १.८ कोटींच्या आसपास. बोगदा खोदताना दोन डझनांहून जास्त कामगार मेले.

म्हणजे हा बोगदा रेल्वे कंपनीचा नाही. लोकांचा आहे. आजही मालकी कॉलोराडो राज्याची आहे, रेल्वे कंपनी भाडेकरू आहे.

आणि मुख्य बोगदा खोदण्यासाठी त्याला समांतर जो छोटा बोगदा खणला होता, त्यातून १९३६ पासून डोंगरापलीकडचं पाणी डेन्व्हरला येतं. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा काही भाग त्यातून येतो. मी इथे बारा वर्षं राहतोय. मला हे माहीतच नव्हतं. वरण-भात शिजतोय ज्या पाण्यात, ते आलं कुठून हे मी कधी विचारलं नाही.

आता पुढची गंमत. बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी विंटर पार्कचं स्की रिसॉर्ट आहे, गाडी थेट तिथेच थांबते. ते काढलं कुणी? डेन्व्हर शहराने. शहराचे बागा आणि सुधारणा खात्याचे प्रमुख जॉर्ज क्रॅनमर यांच्या डोक्यातली कल्पना. शहराच्या लोकांसाठी हिवाळी बाग असावी, आणि तिथे रेल्वेने जाता यावं. १९४० मध्ये ते सुरू झालं आणि त्याच वर्षी स्की ट्रेनही सुरू झाली. रिसॉर्ट आज दुसरी कंपनी चालवते, पण मालकी अजून डेन्व्हर शहराची आहे. सिटी पार्क जसं शहराचं, तसं तेही शहराचंच.

बघा बरं. बोगदा लोकांच्या टॅक्सचा. रिसॉर्ट शहराचं. आणि आम्ही मात्र "ती स्कीवाल्यांची गाडी" म्हणून बाजूला झालो.

बोगद्यात शिरण्याआधी गाडीत घोषणा होते की एका डब्यातून दुसऱ्यात जाऊ नका, कारण दार उघडलं की इंजिनाचा धूर आत येतो. दहा-बारा मिनिटं बाहेर पूर्ण काळोख. सगळा डबा शांत झाला होता. नात आजीच्या मांडीवर. आणि मग एकदम पांढरा उजेड, इतका की डोळे मिटावे लागले. गाडी थांबली, दारं उघडली, आणि समोर पन्नास-शंभर पावलांवर बर्फाचा उतार. आई पायरीवरून उतरली, वाकली, मूठभर बर्फ उचलला आणि हातमोज्यातून निथळेपर्यंत धरून उभी राहिली. काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.

दिवसभर आम्ही काय केलं? काही नाही. स्की केल्या नाहीत. बाकावर बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. मुलीने बर्फाचा मारुती केला, शेपूट सकट. लोक घसरताना, पडताना, पुन्हा उठताना बघितले. गावात फिरायला फुकट बस आहे, तिने एक फेरी मारली. उंची ९,००० फूट, म्हणून आईला दर थोड्या वेळाने पाणी देत होतो आणि हळू चालवत होतो. ज्यांचे आईवडील येणार आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा. साडेचारनंतर गाडी परत सुटते. पावणेसातच्या सुमाराला डेन्व्हर. येताना आई आणि मुलगी दोघी गाढ झोपल्या होत्या. मी बारा वर्षांत पहिल्यांदा डोंगरातून येताना स्टिअरिंग न धरता खिडकीबाहेर बघत होतो.

हे झालं गोड गोड. आता माझ्या वाक्याचं जे अर्धं मी मागे घेत नाहीये, ते सांगतो.

जाताना आमच्या समोर एक बाई बसल्या होत्या. स्की नाही, हेल्मेट नाही, साधी पाठीवरची पिशवी. डोंगरातल्या एका हॉटेलात खोल्या साफ करण्याचं काम करतात. तिथे घरभाडं परवडत नाही म्हणून आठवड्यातले काही दिवस मैत्रिणीकडे राहतात आणि बाकीचे दिवस डेन्व्हरहून गाडी चालवत जातात. त्या दिवशी त्यांची कार दुरुस्तीला होती, म्हणून रेल्वे. मी उत्साहाने म्हटलं, मग रोज का नाही येत याने? त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी पाळी सातला सुरू होते. ही गाडी पोचते नऊला. आज मालकिणीला सांगून उशिरा येतेय."

बस्स. एवढ्यात सगळं आलं.

गाडीचं वेळापत्रक स्की करणाऱ्याच्या सोयीचं आहे. लिफ्ट सुरू व्हायच्या वेळी पोचते, बंद झाल्यावर निघते. २०२४-२५ चा हंगाम गुरुवार ते सोमवार आणि मार्चअखेरपर्यंतच होता. मंगळवार-बुधवारी डोंगरातल्या माणसाला डेन्व्हरच्या डॉक्टरकडे यायचं असेल तर? एप्रिलमध्ये यायचं असेल तर? शिकागोहून येणारी कॅलिफोर्निया झेफर रोज याच बोगद्यातून जाते आणि शेजारच्या फ्रेझरला थांबते, हे खरं. पण ती दोन दिवसांचा पल्ला करणारी लांबची गाडी आहे. पाळी गाठायला तिच्या भरवशावर कुणी राहू शकत नाही.

आणि मोठ्या स्की रिसॉर्टांत गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं एका दिवसाचं लिफ्टचं तिकीट दोनशे डॉलरच्या वर जातं. तेवढे पैसे देऊ शकणाऱ्याला रेल्वेभाड्यात वीस डॉलर सूट कशाला, हा प्रश्न चुकीचा नाही. माझी चूक एवढीच की उत्तर म्हणून मी "गाडीला पैसे देऊ नका" म्हणत होतो. खरं उत्तर आहे, "पैसे द्या, पण मग गाडी सगळ्यांची करा."

रात्री जेवताना मी आईला त्या बाईंबद्दल पुन्हा बोललो. तिने लगेच माथेरानचा विषय काढला. म्हणाली, "आमच्या गाडीलाही सगळे टुरिस्टांची गाडीच म्हणायचे."

नेरळ-माथेरान गाडी १९०७ ची. आदमजी पीरभॉय कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली, दोन फुटी रुळांची, २१ किलोमीटर. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने खालपासूनची गाडी दरवर्षी बंद असते, ते समजण्यासारखं आहे. पण २०१९ च्या पावसात लाईन वाहून गेली, आणि नेरळपासून वरपर्यंतची गाडी पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. तीन वर्षं. त्या काळात वरच्या टप्प्यात अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची शटल हाच आधार होता, कारण माथेरानला मोटारींना बंदी. आई म्हणाली, "टुरिस्टांचं काय रे, ते लोणावळ्याला गेले. अडकलं कोण? वर राहणारी माणसं. भाजीवाला, शाळेतली पोरं, दवाखान्यात जाणारी म्हातारी. टुरिस्टांची गाडी म्हटलं की ती बंद पडली तरी कुणाला घाई नसते."

माझ्या मते सगळ्या चर्चेत हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. गाडीला हौशी म्हटलं की ती तोडायला सोपी होते.

इथेही तेच झालंय. स्की ट्रेन १९४० पासून धावली आणि २००९ मध्ये बंद झाली. विम्याचा खर्च, युनियन स्टेशनच्या पुनर्बांधणीची अडचण, मालगाड्यांच्या वेळापत्रकात जागा नाही, अशी कारणं होती. डबे कॅनडात विकले गेले. कुणी रस्त्यावर उतरलं नाही. हौसेची गाडी, गेली तर गेली. मग २०१५ मध्ये पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून दोन दिवस प्रयोग म्हणून सोडली, तर तिकिटं बघता बघता संपली. तेव्हा कुठे लक्षात आलं की लोकांना ही हवी आहे. २०१७ पासून अ‍ॅमट्रॅकने शनिवार-रविवार सुरू केली. कोविडमध्ये एक हंगाम बुडाला. आणि २०२४-२५ च्या हंगामात राज्याने पैसे घातले तेव्हा आठवड्याचे पाच दिवस झाली.

आता "टॅक्सचा पैसा" या मुद्द्यावर येतो, कारण तो ग्रुपवर पुन्हा येणार हे मला ठाऊक आहे. मीच आणला होता.

आय-७० वर फ्लॉइड हिल नावाच्या चढावर रस्ता रुंद करण्याचं काम चालू आहे. सुमारे आठ मैलांचा तुकडा. खर्च कोट्यवधी डॉलर. त्या रस्त्यावरून शनिवारी सकाळी कोण जातं? तेच स्कीवाले. पण त्याला कुणी "स्कीवाल्यांना सबसिडी" म्हणत नाही, मीही म्हटलं नाही. रस्त्याला घातला की विकास, आणि रेल्वेला घातला की उधळपट्टी? हा हिशोब मला आता पटत नाही. फ्लॉइड हिलचं काम करूच नका असं मी म्हणत नाही. तिथे अपघात होतात, वळणं वाईट आहेत. पण मग दोन्हीला एकच फूटपट्टी लावा.

आणि मगाशी म्हटलं होतं की तिघांना कारने जाणं स्वस्त पडलं असतं. हो, पेट्रोलच्या बिलापुरतं. बर्फाचे टायर, पार्किंग, आणि ट्रक आडवा झाला की ते पाच तास, हे त्यात धरलेलं नसतं. पण कुटुंबाचा हिशोब माणूस पेट्रोलवरच करतो. म्हणूनच तिकीट स्वस्त ठेवायला लागतं. ३० डॉलरचं केलं की आमच्यासारखे पुन्हा कारमध्ये जाऊन बसतील, आणि पुन्हा तेच ट्रॅफिक.

आत्ताच हे सगळं लिहायचं कारण काय? कारण बोगद्याचा रेल्वे कंपनीशी असलेला ९९ वर्षांचा भाडेकरार नेमका जानेवारी २०२५ मध्ये संपत होता. डिसेंबर २०२४ मध्ये गव्हर्नर पोलिस यांनी जाहीर केलं की युनियन पॅसिफिकला आणखी २५ वर्षं बोगदा वापरू द्यायचा, आणि बदल्यात कंपनीने तिच्या रुळांवरून प्रवासी गाड्यांना वाट द्यायची. दिवसाला तीन फेऱ्यांपर्यंत, डेन्व्हरहून डोंगरापलीकडे थेट क्रेगपर्यंत. आधी जवळच्या ग्रॅन्बीपर्यंत रोजची गाडी, मग पुढे स्टीमबोट स्प्रिंग्ज आणि क्रेग, असा विचार आहे. क्रेग आणि हेडन ही कोळशाची गावं. कोळसा कमी होतोय, मालगाड्या कमी होतायत, तिथल्या माणसांना पुढचं पोट कशावर भरायचं हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी ही गाडी हौस नाही. आणि २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने भाड्याने घेतलेल्या कारवर दिवसाला ३ डॉलरपर्यंत आकार लावून रेल्वे आणि बससाठी पैसा उभा करायचं ठरलंय. म्हणजे त्याचा बराचसा भार विमानतळावर उतरून कार घेणाऱ्या पाहुण्यांवर पडेल.

शंभर वर्षांपूर्वी लोकांनी टॅक्स भरून जो बोगदा बांधला, त्याचं भाडं म्हणून आज लोकांना गाडी मिळतेय. मालकी स्वतःकडे ठेवली म्हणून हे झालं. विकून मोकळे झाले असते तर आज मागायला हातात काय होतं?

पण कागदावर वाट मिळाली म्हणजे गाडी धावली असं नाही. गाड्यांना दरवर्षी पैसा लागतो, आणि बजेट तंग झालं की आधी कात्री "हौशी" खात्यांवर चालते. म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत सांगतो.

एक, विंटर पार्कची गाडी बारा महिने, आठवड्याचे सातही दिवस चालली पाहिजे. सुरुवातीला छोटी असेल तरी चालेल.

दोन, एक फेरी तरी कामावर जाणाऱ्यांच्या वेळेची असली पाहिजे, जी सातच्या आत पोचते. पाळीला पोचवत नसेल तर ती गाडी त्या खोऱ्याची नाही.

तीन, तिकीट स्वस्तच राहिलं पाहिजे, आणि डोंगरात काम करणाऱ्यांना महिन्याचा पास मिळाला पाहिजे. मुंबईत लोकलचा पास म्हणतो ना, तसा. त्या पासावर कित्येक घरं उभी राहिली, आपल्यातल्या अनेकांचीही.

आणि आपल्या लोकांना एक विनंती. आपण इथे घर घेतो, टॅक्स भरतो, नळाचं पाणी पितो, पण "ते त्यांचं, आपलं नाही" असं कितीतरी गोष्टींबद्दल मनात धरून बसतो. मी बारा वर्षं धरून बसलो होतो. ही गाडी हिवाळ्यातली आहे. आईवडील आले असतील तर घेऊन जा. स्की करायची काही गरज नाही. डबा न्या, पाणी जास्त न्या, खिडकीची जागा धरा. गाडीत जितकी साधी, स्की नसलेली माणसं दिसतील, तितकं "ही फक्त श्रीमंतांची गाडी" म्हणणं अवघड होईल. आणि परत आलात की आपल्या राज्य प्रतिनिधीला चार ओळींचा ईमेल करा. मी केलाय. दहा मिनिटं लागली, ग्रुपवर टिंगल करायला लागतात त्यापेक्षा थोडीच जास्त.

आई पुढच्या महिन्यात परत जाईल. काल फोनवर नेरळच्या मावशीला सांगत होती, "अगं, बर्फातून गाडी जाते. आपली पावसात बंद, यांची बर्फात चालू." मग थोडं थांबून म्हणाली, "पण यांचीही उन्हाळ्यात बंद असते म्हणे. आपल्यासारखंच."

आणि हो, बोगद्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. नात म्हणते सतरा, आजी म्हणते अठरा. आई जायच्या आत पुन्हा एकदा जाऊन मोजावे लागणार असं दिसतंय.